शेऱ्याचा रकाना

मला माणसांची भीती वाटते म्हणून मी संगणकाच्या धंद्यात आले. हे मी कुठल्याच मुलाखतीत सांगितलेलं नाही, पण खरं आहे. फोन वाजला की अजूनही मी नुसती त्याच्याकडे बघत बसते. समोरचा रागावेल का, मला पटकन उत्तर सुचेल का, या विचारात तो वाजून वाजून बंद पडतो आणि मला हायसं वाटतं. संगणक चूक दाखवतो, पण आवाज चढवत नाही. एवढ्यासाठी मी त्याच्यावर जीव लावला.

पुण्यात चार वर्षं नोकरी करून मी तंजावूरला परतले. देवनागरी लिहायला पुण्यातच शिकले. तंजावूरच्या जुन्या मराठी घरांसारखं आमच्या घरीही मराठी बोलतात सगळे, वाचत कोणी नाही. इथे एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची सहा जणांची कंपनी आहे, आणि आमचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे एका धर्मादाय संस्थेचं ॲप. संस्थेच्या नर्सबाई आसपासच्या गावांतून फिरतात, प्रत्येकीकडे चार-पाच गावं. पोटुशी बाई दिसली की तिचं वजन, रक्तदाब, गोळ्या दिल्या की नाही, सगळं टिपून ठेवायचं. पूर्वी हे लांबट वह्यांत असायचं. आम्ही ते फोनमध्ये आणलं.

ते ॲप मी लिहिलं, आणि ते लिहिताना एकाही नर्सला मी पाहिलं नव्हतं. नर्स आपल्या पर्यवेक्षिकेला सांगायची, पर्यवेक्षिका चेन्नईच्या अधिकाऱ्याला, तो इंग्रजीत दोन ओळींची तक्रार करून पाठवायचा आणि ती माझ्या पडद्यावर यायची. मला ही साखळी फार आवडायची. मध्ये जितक्या कड्या जास्त, तितकी मी सुरक्षित.

एका नियमाचा मला विशेष अभिमान होता. एक बाई एकाच गावात. तिचं नाव दोन गावांत नोंदवायला गेलं की ॲप अडवायचं आणि सांगायचं, ‘ही बाई दुसरीकडे नोंदलेली आहे.’ ती बाळंतपणाला माहेरी गेली तर सासरच्या नर्सने ‘नाव काढा’ हे बटण दाबायचं, मग माहेरच्या नर्सने तिला नव्याने घ्यायचं. हा नियम मी बैठकीत समजावला तेव्हा साहेबांनी मान डोलावली होती.

आणि पानाच्या तळाशी एक शेऱ्याचा रकाना होता. ‘नर्सना काहीतरी लिहायला जागा हवी आहे,’ असं चेन्नईहून आलं, म्हणून मी दिली. तिथे लिहिलेलं कुठे जाईल, कोण वाचेल, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते कोणाकडेच जात नव्हतं. ‘लिहिल्याचं समाधान तरी मिळेल,’ असं मी म्हटलं होतं आणि ऑफिसात सगळे हसले होते.

मग तक्रार आली की नर्सबाई ‘नाव काढा’ बटण वापरत नाहीत. मला वाटलं, दिसत नसेल. मी ते मोठं केलं. पुढच्या महिन्यात तीच तक्रार. मी ते लालभडक केलं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तीच, तेव्हा माझं डोकंच फिरलं. बटण दाबल्यावर तमिळमध्ये एक चौकट उघडेल अशी सोय केली: ‘हे नाव कायमचं काढलं जाईल. नक्की?’ एवढं करूनही बाया दाबत नाहीत म्हणजे त्यांना शिकवायलाच हवं, असं मी इंग्रजीत उत्तर लिहिलं आणि तक्रार बंद केली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं चाललं होतं. फक्त नाचणारी मी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी संस्थेच्या डॉक्टरीणबाई चिडल्या. ज्याने हे लिहिलंय त्याला ओरत्तनाडू गावच्या मासिक बैठकीला पाठवा, म्हणाल्या. मी दोन दिवस ताप आल्याचं सोंग करता येईल का याचा विचार केला. ताप आला नाही. सकाळच्या बसने मांडीवर लॅपटॉप घेऊन मी निघाले आणि उतरेपर्यंत मनातल्या मनात तमिळ वाक्यं घोकत राहिले.

बैठक एका शाळेच्या जेवणाच्या खोलीत होती. वीसेक नर्सबाई सतरंजीवर बसल्या होत्या, प्रत्येकीचा फोन कापडी पिशवीत. मी आत गेले तशी कुजबुज थांबली.

‘कंप्यूटर तंबी कुठाय?’ एकीने विचारलं. तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

‘मीच,’ मी म्हटलं.

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एवढे दिवस त्या मला कोणी मुलगा समजत होत्या, आणि मी तर त्यांना काहीच समजत नव्हते.

तेवढ्यात आईचा फोन आला. ‘पोचले गं, मागून बोलते,’ असं दबक्या आवाजात सांगून मी तो ठेवला. पहिल्या रांगेतली एक पिकल्या केसांची नर्स एकदम पुढे सरकली.

‘आमच्यातलीच अहेस की गं!’ ती म्हणाली. ‘आमचं घर इथंच, छत्रमच्या, जुन्या धर्मशाळेच्या मागं. बस, बस, भिऊं नकोस.’

भिते हे तिला दिसलं होतं तर. मी खाली बसले आणि घोकलेलं पहिलं वाक्य टाकून दिलं. ‘अक्का,’ मी विचारलं, ‘ते लाल बटण तुम्ही कां दाबत नाहीं?’

मग अक्कांनी पिशवीतून लांबट वही काढली. वह्या बंद करायचा हुकूम निघून वर्ष झालं होतं. वहीच्या प्रत्येक ओळीत एक नाव होतं. काही नावांवर सरळ काट मारलेली, काहींच्या शेजारी हळदीचं बोट.

‘पोटुशी बाईचं नांव कोण काढील गं?’ त्या म्हणाल्या. ‘हात तरी धजतो कां? मज शिकवलेल्या मोठ्या नर्सम्मा सांगायच्या, बाळ रडेपर्यंत ओळ उघडी ठेवायची. माहेरी गेली तर हळद लावायची, आणि तिकडच्या नर्सला निरोप द्यायचा. बाळ रडलं म्हणून कळलं की मग काट. त्याच्या आधी नाहीं.’

मागच्या बायांनी माना हलवल्या. प्रत्येकीला तसंच शिकवलेलं होतं. आणि मी त्यांच्या हातात दिलं होतं एक लाल बटण, ज्याच्यावर पोटात मूल असलेल्या बाईचं नाव कायमचं काढायचं का, असं लिहिलेलं.

मला हसू आलं असतं. पण मागच्या रांगेतली एक तरुण नर्स हळूच उभी राहिली. तिने तमिळमध्ये विचारलं, ‘मॅडम, मग ही बाई दुसरीकडे नोंदलेली आहे असं येतं, तेव्हा आम्ही काय करायचं?’

‘तुम्ही काय करता?’ मी विचारलं.

‘काही नाही. तिच्याकडे बघणारं दुसरं कोणीतरी आहे, असं समजतो. फोनमध्ये त्या घरावर हिरवी खूण येते. आम्ही पुढच्या घरी जातो.’

मी अक्कांकडे वळले. ‘तुम्ही निरोप देता नं अजून? तिकडच्या नर्सला?’

‘दर वेळी देते की. तुलाच देते.’

‘मला?’

‘फोनच सगळं कळवतो, वेगळा निरोप नको म्हणून ट्रेनिंगात सांगितलं. खाली डब्बा अहे नं लिहायला? त्यात लिहिते. तिकडच्या नर्सला पोचतं नं ते?’

मी लॅपटॉप उघडला आणि ॲपच्या पोटात शिरून शेऱ्याचा रकाना शोधला. पहिल्यांदाच. पासवर्ड दोनदा चुकला. मग ते सगळे शेरे पडद्यावर आले, पानंच्या पानं. ती पत्रं होती. ‘तंबी, ही मुलगी आईकडे गेली, तिकडच्या अक्काला सांग.’ ‘तंबी, हिला रक्त कमी आहे, तिकडे गोळ्या द्यायला सांग.’ ‘तंबी, मागचं पत्र मिळालं का?’ काहींच्या शेवटी लिहिलं होतं, जेवलास का.

मला कोणी इतक्या मायेने कधी लिहिलं नव्हतं, आणि मी एकही वाचलं नव्हतं. मला रडायला हवं होतं, पण भीतीने डोळे कोरडे पडले होते.

‘मोठ्याने वाच,’ अक्का म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बदलला होता.

ज्या अजून बाळंत झाल्या नसतील त्यांचेच शेरे मी वाचू लागले. नाव, सासरचं गाव, माहेरचं गाव. एकेक नर्स आपल्या गावाचं नाव आलं की हात वर करायची, फोन बघायची आणि म्हणायची, ‘माझ्या यादीत नाही.’ सातव्या, शेवटच्या शेऱ्यापाशी मी अडखळले, कारण तो अक्कांचाच होता. ‘तंबी, ही सातव्या महिन्यात बांगड्या भरून आईकडे गेली. पहिल्या वेळी हिचा रक्तदाब चढून झटके आले होते, मूल राहिलं नाही. आठवड्याला तपासायला सांग. विसरू नकोस.’

माहेरचं गाव त्या तरुण नर्सचं होतं. ‘ती मला पाण्याच्या पंपावर दिसली होती,’ ती म्हणाली. ‘मी विचारलंसुद्धा. ती म्हणाली, माझ्या अक्का बघतात. फोनमध्येही तेच होतं.’

‘कितवा महिना?’ कोणीतरी विचारलं.

अक्कांनी वहीवर बोट ठेवलं. नववा लागला होता. म्हणजे दोन महिने त्या बाईच्या दंडाला कोणी रक्तदाबाचा पट्टा बांधला नव्हता.

तिचा फोन बंद लागला. नवरा परगावी कामाला, त्याचाही लागेना. बाकीच्या नर्सबाया आपापल्या फोनवर इतर सहा जणींना शोधायला लागल्या. अक्कांनी वही पिशवीत घातली, तपासायची पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘चल.’

‘मी? मी येऊन काय करू?’

‘डब्बा तुझा अहे नं?’ त्या म्हणाल्या. रागाने नाही. म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही.

तरुण नर्स स्कूटरवर पुढे आणि अक्कांच्या मोपेडवर मागे मी, मांडीवर पेटी. कालव्याच्या कडेकडेने रस्ता जात होता. शेतात बायका रोपं लावत होत्या, एका वळणावर गावची बस आडवी आली तेव्हा आम्हाला थांबावं लागलं. त्या बसमधून एकेक माणूस सावकाश उतरत होता, कोणी केळीचा घड उतरवत होता, आणि मला ओरडावंसं वाटत होतं. ती मेली असली तर, हा एकच विचार डोक्यात होता. मी तिला पाहिलेलं नाही, तिचा आवाज ऐकलेला नाही, आणि माझ्यामुळे ती मेली असली तर. कोणाला कळणारही नव्हतं. माझ्या ॲपमधून एक नाव कमी झालं असतं, आणि यादी आपोआप स्वच्छ दिसली असती.

‘अक्का, झटके येतात म्हणजे काय होतं?’ मी मागून विचारलं.

‘गप बस,’ त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं की त्याही घाबरल्या आहेत.

घर सापडलं. तिची आई अंगणात वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घालत होती. ओट्यावर खांबाला टेकून ती बसली होती, तेवीस-चोवीस वर्षांची, हातभर हिरव्या बांगड्या. जिवंत होती. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच पायरीवर बसले. मग मला तिचे पाय दिसले. सुजून पैंजण मांसात रुतले होते. एक हात कपाळावर होता.

‘तीन दिवस डोकं दुखतंय,’ तिची आई म्हणाली. ‘उष्णतेचं आहे. हिला डोळ्यांपुढे काजवे दिसतात.’ आणि मग तरुण नर्सकडे बघून, ‘तू रोज दारावरून जातेस, आत कशी येत नाहीस गं? मी हिला म्हटलं, नर्स येईल, तिला विचारू.’

तरुण नर्सने माझ्या मांडीवरची पेटी उघडली. बोलायला हवं होतं मी, पण माझं तोंड उघडेना.

अक्कांनी पट्टा बांधला, एकदा, मग दुसऱ्या हाताला. आकडा मोठ्याने सांगितला नाही, यंत्र फक्त आमच्याकडे वळवलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण तरुण नर्स लगेच बाहेर जाऊन ॲम्ब्युलन्सला फोन करायला लागली. अक्कांनी एक गोळी दिली, तिला डाव्या कुशीवर निजवलं आणि उशाशी बसून तिच्याशी साध्या गोष्टी बोलायला लागल्या, जेवलीस काय, झोप लागते कां. आपला फोन त्यांनी माझ्याकडे दिला. ‘मोठ्या हॉस्पिटलला आधी कळव. ती सोय अहे नं तुझ्यात?’

होती. बाई पोचायच्या आधी तिचा सगळा इतिहास हॉस्पिटलला जातो, ही सोय मीच केली होती. मी तिचं नाव शोधलं, ती आहे ते गाव टाकल्याशिवाय निरोप जात नाही म्हणून गाव बदललं, ‘पाठवा’ दाबलं. ॲपने मला अडवलं. ‘ही बाई दुसरीकडे नोंदलेली आहे.’ खाली ते लाल बटण. मी ते दाबलं. चौकट उघडली.

हे नाव कायमचं काढलं जाईल. नक्की?

मी शकुन-अपशकुन मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही. समोर तीन हातांवर ती पडली होती, तिच्या बांगड्या किणकिणत होत्या, आणि ती माझ्याकडे बघत होती. डॉक्टर समजत असावी. माझं बोट त्या ‘होय’वर गेलं आणि तिथेच राहिलं. ते खाली जाईना. तीन महिने ज्या बायांना मी अडाणी ठरवलं होतं, त्यांचाच हात माझ्या खांद्याला फुटला होता जणू.

‘होत नाहीं अक्का,’ मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. ‘मग तोंड अहे नं?’ त्या म्हणाल्या.

मी हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाला फोन लावला. मी. पलीकडचा बाईमाणसाचा आवाज चिडलेला होता, घाईत होता. दोनदा त्यांनी मला थांबायला सांगितलं, एकदा फोन कट झाला आणि मी पुन्हा लावला. अक्का मराठीत सांगत होत्या आणि मी तमिळमध्ये बोलत होते: नववा महिना, पहिल्या वेळी झटके, मूल राहिलं नाही, आज रक्तदाब इतका, डोकेदुखी तीन दिवस, दोन महिने तपासणी नाही. ‘दोन महिने का नाही?’ पलीकडून विचारलं. ‘आमची चूक आहे,’ मी म्हटलं. ‘माझी. तिची नाही.’ त्यांनी गावाचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाल्या, ‘पाठवा. आम्ही तयार राहतो.’

ॲम्ब्युलन्स आली. अक्का तिच्याबरोबर गेल्या. मी आणि तरुण नर्स अंगणात उभ्या राहिलो, वडाम तसेच उन्हात पडलेले. मग आम्ही दोघींनी ते उचलून आत ठेवले.

संध्याकाळपर्यंत बाकीच्या सहा जणी सापडल्या, सगळ्या ठीक. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, नशीब त्यांचं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला आले, लाल बटण काढून टाकलं, एक बाई दोन गावांत राहू शकेल असं केलं, शेऱ्याचा रकाना दोन्हीकडच्या नर्सना दिसेल असं केलं. तासाभराचं काम होतं. तासाभराचं! ते झाल्यावर मी जुने शेरे पहिल्यापासून वाचत बसले. साहेब म्हणाले, पुरे आता. मी ऐकलं नाही. सकाळपासून हॉस्पिटलचा निरोप नव्हता, आणि स्वतःहून फोन करायची हिंमत मला होत नव्हती.

दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि फोन वाजला. अक्कांचा. मी तो वाजू दिला. तीनदा, चारदा. माझी जुनी खोड. पाचव्यांदा उचलला.

पलीकडे हॉस्पिटलचा गलका होता, कोणीतरी रडत होतं, मोठं की लहान ते कळेना. अक्कांचा आवाज थकलेला होता.

‘वही उघडून बसले अहे,’ त्या म्हणाल्या. ‘हिच्या नांवावर काट मारू कां म्हणून तुला विचारते.’

बाळ रडलं की काट, असं त्यांनी सांगितलं होतं. बाई गेली तर त्या ओळीचं काय करतात, ते मी विचारलं नव्हतं. घास हातात तसाच होता. फोन ठेवून द्यावा असं मला अगदी खरोखर वाटलं. ठेवला असता तर मला आणखी थोडा वेळ काहीच कळलं नसतं.

‘कां अक्का?’ मी विचारलं. ‘कशासाठी काट?’

‘मुलगी अहे,’ त्या म्हणाल्या. ‘लहानशी, पण गळा मोठा अहे. ऐकू येतो नं? आणि आई कॉफी मागते अहे सकाळपासून, डॉक्टर देऊं देत नाहींत.’